प्रेशर ट्रीटेड लाकडावरचा स्टेन दरवर्षी का सुटतो? कारणे, तपासण्या आणि उपाय

छपरीचा कठडा, अंगणातला बाक, वावरातल्या घराचे फाटक किंवा झोपाळ्याची चौकट प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाने औषध मुरवलेल्या लाकडात हौसेने तयार केली, दिवाळीच्या रंगरंगोटीत त्यावर स्टेनचे, म्हणजे लाकडात मुरून त्याला रंग देणाऱ्या द्रवाचे दोन हात मारले, सणात सगळे छान झळकले. पण एप्रिल-मे येईपर्यंत त्यावर फोड आले, पोपडे सुटू लागले आणि पावसाळ्यात उरलेसुरलेही निघून गेले. मग पुढच्या दिवाळीआधी पुन्हा खरवडणे आणि पुन्हा तेच काम. विदर्भातल्या गावांमधून ही तक्रार सातत्याने ऐकू येते आणि बहुतेक ठिकाणी दोष डब्याला दिला जातो. पुढच्या वर्षी अधिक महागाचा डबा येतो आणि तोही तसाच सुटतो. माझे मत असे आहे की या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ डब्यात नसून लाकडात राहिलेल्या पाण्यात आणि आपण काम करण्यासाठी निवडलेल्या महिन्यात असते.

लाकडात इतके पाणी येते कुठून, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रेशर ट्रीटमेंटमध्ये लाकूड बंद सिलिंडरमध्ये ठेवून आतली हवा ओढून घेतात आणि नंतर औषधाचे पाण्यात केलेले द्रावण दाबाने लाकडाच्या आत घुसवतात. तांबे, क्रोम आणि आर्सेनिक यांचे जे मिश्रण पुढे जगभर वापरले गेले, ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी 1933 मध्ये शोधून काढले. त्यातल्या तांब्यामुळेच अशा लाकडावर हिरवट छटा दिसते. औषध लाकडात पक्के बसते, पण त्याला आत घेऊन जाणारे पाणीही लाकडातच राहते. समजा सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि दीड इंच जाड अशी पाइनची फळी आणली तेव्हा तिचे वजन आठ किलो भरले आणि पूर्ण वाळल्यावर ते साडेपाच किलोच्या आसपास स्थिरावले, तर त्या एका फळीतून अडीच लिटर पाणी बाहेर गेले असा त्याचा अर्थ होतो. दुकानातून आलेली फळी हाताला कोरडी लागते, कारण तिचा वरचा पातळ थर वाळलेला असतो. आतले पाणी बाहेर यायला कित्येक आठवडे, जाड खांबांच्या बाबतीत काही महिनेही लागतात.

आता आपल्याकडचे हवामान पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता इतकी असते की उघड्यावरचे किंवा छपराखालचे कोणतेही लाकूड साधारण 16 ते 18 टक्के ओलीच्या खाली वाळूच शकत नाही, कारण लाकूड आपल्यातली ओल नेहमी भोवतालच्या हवेशी जुळवून घेत असते. दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागते, तरी पावसाळाभर प्यायलेले पाणी लाकूड लगेच सोडत नाही. नेमक्या त्याच वेळी, दिवाळीपूर्वी, आपण त्यावर स्टेनचा किंवा पॉलिशचा थर चढवतो. पुढे मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, उन्हात लाकूड त्याहूनही जास्त तापते, आत कोंडलेल्या ओलीची वाफ बाहेर यायला पाहते आणि वाटेत आलेला थर उचलून फेकते. थर जितका जाड आणि चकचकीत, तितका तो लवकर सुटतो, कारण त्यातून वाफेला वाटच मिळत नाही. महागडा डबा वापरून काम आणखी बिघडल्याचे अनुभव यामुळेच येतात.

सुटलेला पोपडा उलटा करून पाहा

नवीन काहीही लावण्यापूर्वी सुटलेल्या थराचा एक तुकडा नखाने किंवा पटाशीच्या टोकाने अलगद काढून उजेडात त्याची मागची बाजू पाहावी. या एका कृतीतून जितके कळते तितके दुकानदाराला विचारूनही कळत नाही.

मागच्या बाजूला राखाडी, केसांसारखे बारीक तंतू चिकटलेले असतील, तर स्टेनने लाकूड धरले होते. लाकडाचा वरचा थरच कुजका होता. उघडे लाकूड उन्हात पडून राहिले की सूर्यप्रकाशातील अतिनील किरण तंतूंना बांधून ठेवणाऱ्या लिग्निनचा नाश करतात, आणि आपल्याकडच्या उन्हात तीन-चार आठवडेही त्याला पुरे होतात. अशा मेलेल्या तंतूंवर बसवलेला थर त्यांच्यासह निघून येतो. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल आणि खालचे लाकूडही काचेसारखे लागत असेल, तर रंध्याच्या मशीनने पृष्ठभाग इतका दाबून घोटला गेला आहे की स्टेन आत शिरलाच नाही. आणि पोपडा सुटण्याआधी फोड येत असतील, ते फोडल्यावर खाली लाकूड गडद, ओलसर दिसत असेल, तर तो ओलीचा प्रकार आहे. विदर्भात ऑक्टोबरमध्ये केलेल्या कामात मुख्यतः हा तिसराच प्रकार सापडतो, त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर त्याच्याविषयी आहे.

पोपडे मुळीच नाहीत, पण थर महिनाभर चिकट राहिला आहे आणि त्यावर धूळ व किडे बसले आहेत, असेही होते. आपल्या भागात जवस पिकते आणि घाण्याचे तेल सहज मिळते म्हणून पुष्कळ जण तेच लाकडाला चोळतात. कच्चे जवसाचे तेल वाळायला फार वेळ घेते आणि दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. उघड्यावरच्या लाकडासाठी ते एकटे वापरू नये. चिकटपणा घालवण्यासाठी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावे. तरीही तो गेला नाही, तर खरवडण्यावाचून उपाय नाही.

लाकूड खरोखर ट्रीटेड आहे ना?

ही शंका अनाठायी नाही. बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींमधून निघालेल्या पॅलेटच्या पाइन फळ्या गावोगाव विकायला येतात आणि त्यांवर 'एचटी' असा छाप असतो. विकणारा त्याला ट्रीटमेंट केलेले लाकूड म्हणतो. प्रत्यक्षात त्या छापाचा अर्थ एवढाच की मालवाहतुकीतून कीड पसरू नये म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवले आहे. त्यात औषध काहीही नसते, आणि काळ्या जमिनीत रोवले तर उधईपासून ते वाचणार नाही. फळीचे टोक ताजे कापून पाहावे. प्रेशर ट्रीटमेंट झाली असेल तर कडेच्या बाजूने हिरवट पट्टा आत गेलेला दिसतो, मधला गाभा मात्र बहुधा मूळ रंगाचाच असतो, कारण गाभ्याच्या लाकडात औषध नीट शिरत नाही. सागाच्या पक्क्या गाभ्यालाही हे लागू आहे, पण तो मुळातच टिकाऊ असल्याने त्याला या ट्रीटमेंटची गरजही नसते. मोठी खरेदी असेल तर आरामशीनवाल्याकडून 'आयएस 401' या भारतीय मानकाप्रमाणे ट्रीटमेंट झाल्याचे लेखी घ्यावे.

वाळवणे आणि वाळले की नाही ते ओळखणे

लाकूड वाळवायचे तर उन्हात टाकायचे, ही आपली सवय इथे घातक ठरते. उन्हात वरचा थर झपाट्याने आक्रसतो, आतला भाग ओलाच राहतो आणि फळी तडकते किंवा पिळते. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे ऊन पृष्ठभाग खराब करते ते वेगळेच. फळ्या कवेलूच्या किंवा टिनाच्या छपराखाली, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून किमान फूटभर उंच रचाव्यात आणि प्रत्येक थरामध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक येतील अशा ठेवाव्यात, म्हणजे फळी वाकत नाही. वरून दगड किंवा सिमेंटच्या विटांचे वजन द्यावे. काम आधीच उभे असेल आणि फळ्या सोडवणे शक्य नसेल, तर जुना थर काढून टाकून ते संपूर्ण कोरड्या ऋतूची वाट पाहत उघडे राहू द्यावे. फाटक किंवा बाक थेट उन्हात येत असेल तर त्यावर हिरव्या नेटची सावली करावी.

वाळले की नाही ते कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे वजन. धान्य तोलण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा बहुतेक शेतकरी घरांत असतोच. ढिगाच्या मधल्या थरातली एक फळी निवडून तिच्यावर खूण करावी, दर आठवड्याला तिचे वजन करून ते पेन्सिलीने त्याच फळीच्या टोकावर लिहीत जावे. वजन सुरुवातीला भराभर उतरते, मग सावकाश उतरते, आणि सलग दोन-तीन आठवडे तेच भरले की लाकूड भोवतालच्या हवेइतके कोरडे झाले असे समजावे. मात्र हे वजन पावसाळ्यात स्थिरावले तर त्याचा उपयोग नाही, कारण तेव्हा हवाच ओली असते. लाकडातली ओल मोजणारा दोन सुयांचा मॉइश्चर मीटर कोणाकडे असेल तर वापरायला हरकत नाही आणि आकडा 15 टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. पण लाकडातल्या औषधी क्षारांमुळे तो मीटर ट्रीटेड लाकडावर थोडा जास्त आकडा दाखवतो, हे लक्षात ठेवावे.

त्यानंतर पाण्याच्या थेंबाची तपासणी करावी. फळीवर वेगवेगळ्या ठिकाणी पाण्याचे चार-पाच थेंब सोडावेत आणि घड्याळ पाहावे. थेंब काही मिनिटांत आत जिरून लाकूड गडद झाले तर ते स्टेन घ्यायला तयार आहे. दहा मिनिटांनंतरही थेंब मण्यासारखा उभाच असेल तर दोन शक्यता राहतात: लाकूड अजून ओले आहे, किंवा त्याचा पृष्ठभाग घोटलेला वा मेणचट आहे. वजन स्थिर असूनही थेंब जिरत नसेल तर दोष पृष्ठभागाचा आहे आणि तो पॉलिश पेपरने जातो.

सगळा हिशेब केला तर विदर्भात स्टेनच्या कामासाठी मकरसंक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम, असे मी आग्रहाने सांगेन. हवा कोरडी असते, ऊन सोसवते आणि दिवाळीपासून तोवर लाकडाला वाळायला किमान दोन-तीन महिने मिळालेले असतात. दिवाळीला कठडा उघडा दिसतो म्हणून घरच्यांची नाराजी होते हे खरे आहे, पण एका सणाची शोभा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचा टिकाऊपणा यांतून निवड करायची असेल तर मी दुसऱ्याच्या बाजूने उभा राहीन. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, म्हणून कामाच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतरचा अंदाज पाहून ताडपत्री हाताशी ठेवावी.

पृष्ठभागाची तयारी

आधी धुवावे, मग वाळू द्यावे, मग घासावे. धुण्यासाठी सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. बुरशी आणि मळ त्याने निघतो. ब्लीचिंग पावडर, क्लोरीनचे ब्लीच किंवा डागांवर वापरतात ते ऑक्सिजन ब्लीच वापरू नये. क्लोरीन तंतू कुजवते, आणि ही सगळीच ब्लीचे औषधातल्या क्रोमचे अधिक विषारी रूप तयार करू शकतात. तारेचा ब्रशही नको, कारण त्याचे तुटलेले बारीक तुकडे लाकडात अडकून गंजतात आणि पुढे काळे ठिपके उमटतात. खिळ्यांच्या भोवती आधीच पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने उतरतात, पण ते लाकडातले औषधही बाहेर काढू शकते, म्हणून टाळावे.  साधे लोखंडी खिळे मात्र बदललेच पाहिजेत. ट्रीटमेंटमधले तांबे साध्या लोखंडाला वेगाने खाते, म्हणून हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रूच घ्यावेत.

धुतल्यानंतर कोरड्या हवेतही किमान तीन-चार दिवस थांबावे. मग 60 किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावे आणि तिथेच थांबावे. आपल्याकडचे वाढई सागाच्या दारांवर 220 पर्यंत घोटण्यात हातखंडा असलेले, त्यामुळे या कामातही ते फळी आरशासारखी करून देतात. घरातल्या पॉलिशला ते योग्य आहे, आत मुरणाऱ्या स्टेनला नाही, कारण बारीक घोटल्याने छिद्रे बुजतात. त्यांना हे आधीच आणि आदराने सांगावे.

घासताना उडणाऱ्या धुळीत आर्सेनिक असू शकते, ही गोष्ट कोणीही हलक्यात घेऊ नये. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी तांबे-क्रोम-आर्सेनिकचे हे मिश्रण वापरणे 2003 च्या अखेरीस थांबवले गेले ते याच काळजीपोटी. एन-95 मास्क लावावा, काम मोकळ्यावर करावे, खाली ताडपत्री अंथरावी, मुलांना आणि गुराढोरांना दूर ठेवावे आणि हात धुतल्याशिवाय पाणीही पिऊ नये. गोळा झालेला भुसा कोठ्यात गुरांखाली पसरू नये, शेणखतात मिसळू नये. उरलेले तुकडे चुलीत, बंबात किंवा शेकोटीत कधीही घालू नयेत. धुरातून आणि राखेतून आर्सेनिक थेट घरात येते, आणि आपल्याकडे तीच राख भांडी घासायलाही घेतली जाते. याच कारणाने गव्हाणी, कोंबड्यांची खुराडी आणि अन्न ठेवण्याच्या फळ्या या लाकडाच्या करू नयेत.

कापलेल्या टोकांवर आणि नव्या भोकांवर औषध पोहोचलेले नसते. तिथे कॉपर नॅप्थेनेटसारखे लावण्याचे औषध ब्रशने दोनदा मुरवावे. टोकाकडून लाकूड बाजूंपेक्षा कित्येक पट वेगाने पाणी ओढते, म्हणून फळीच्या टोकांवर आणि खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवरही स्टेन लावणे आवश्यक आहे. खांब काळ्या मातीत थेट गाडण्याऐवजी सिमेंटच्या ठोकळ्यावर लोखंडी बुटात, म्हणजे खांबाचे बूड धरणाऱ्या लोखंडी आधारात, दोन इंच उंच उभे करावेत. पावसाचे उडालेले पाणी आणि चिखल खालच्या फूटभर भागातला स्टेन सर्वांत आधी घालवतात.

ज्या लाकडाला पूर्वी गाडीचे काळे ऑइल चोळले आहे, त्यावर कोणताही स्टेन बसणार नाही. त्याच्यावर वेळ आणि पैसा घालवू नये.

स्टेन निवडणे आणि लावणे

बाहेरच्या ट्रीटेड लाकडासाठी आत मुरणारा, तेल-आधारित, अर्धपारदर्शक स्टेन घ्यावा आणि डब्यावर बाहेरच्या वापरासाठी असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे. अर्धपारदर्शक स्टेनमधले रंगद्रव्य ऊन अडवते. पूर्ण पारदर्शक तेलाला ते जमत नाही. फर्निचरवर मारतात ते मेलामाइन पॉलिश घरातलेच असते. उघड्यावर ते एका उन्हाळ्यात चिरते. हिरवट छटेमुळे पिवळे-लाल रंग गढूळ दिसतात, तपकिरी रंग चांगले उठतात, त्यामुळे त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर आधी नमुना लावून दुसऱ्या दिवशी तो उन्हात पाहावा.

डबा तळापासून ढवळावा आणि काम सुरू असतानाही अधूनमधून ढवळत राहावे, कारण रंगद्रव्य खाली बसते. एकाहून अधिक डबे असतील तर ते आधीच एका बादलीत एकत्र करावेत, नाहीतर रंगात फरक येतो. दव उडाल्यावर काम सुरू करावे, थेट ऊन आलेल्या बाजूवर लावू नये आणि दुपारी लाकूड हाताला चटका देऊ लागले की थांबावे. तापलेल्या लाकडावर स्टेनमधले द्रव आत मुरण्याआधीच उडून जाते आणि जोडाचे पट्टे उमटतात. हे पट्टे टाळण्यासाठी एका वेळी एक-दोन फळ्या घेऊन त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पूर्ण कराव्यात. पंधरा-वीस मिनिटांनी जे आत मुरले नाही ते कोरड्या सुती फडक्याने पुसून काढावे. पुष्कळांना हे पुसणे म्हणजे माल वाया घालवणे वाटते, पण चिकटपणा आणि पोपडे यांची सुरुवात या न पुसलेल्या थरातच होते. दुसरा हात डब्यावर सांगितला असेल आणि लाकूड अजून पीत असेल तरच द्यावा.

पुसलेली तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल आणि तशी वाळणारी तेले हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतात आणि चुरगाळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. जवळ कापूस, तुराट्या किंवा पराट्यांचा ढीग असेल तर अनर्थ होईल. फडकी मोकळ्या जागेत दगडांवर एकेक पसरून पूर्ण वाळू द्यावीत किंवा पाण्याने भरलेल्या टिनाच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.

यंदा आधीच सुटला असेल तर

फोड आलेला थर आहे तिथेच ठिगळ लावून दुरुस्त करण्याचा मोह होतो, पण शेजारचा थरही त्याच ओलीवर बसलेला असतो. कुठपर्यंत काढायचे ते ठरवण्यासाठी धारदार पात्याने थरावर फुलीसारखा छेद द्यावा, त्यावर पॅकिंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढावी; टेपबरोबर थर आला तर तो भाग काढायचाच. धूळ कमी उडावी म्हणून जुना थर यंत्राने घासण्याऐवजी खरवडणीने काढून राहिलेला भाग पाणी मारून हातानेच घासावा. हे काम दिवाळीपूर्वी केले तरी चालेल, किंबहुना तेव्हाच करावे, म्हणजे लाकूड उघडे होऊन सावलीत वाळू लागेल. स्टेनचा डबा मात्र संक्रांतीनंतर, टोकावर लिहिलेले वजन स्थिर झाल्यावरच उघडावा. त्यानंतर बाकाची बैठक, कठड्याची वरची फळी अशा आडव्या भागांवर दर पावसाळ्यानंतर थेंबाची तपासणी करावी. पाणी पुन्हा जिरू लागले की येत्या संक्रांतीनंतर धुऊन, हलके घासून एक पातळ हात द्यावा. उभ्या भागांना तो बहुधा त्यानंतरच्या वर्षी लागतो.